आधी आदेश, मग चर्चा

राज्याच्या जलसंपदा विभागाने २२ एप्रिल २०२१ रोजी एक आदेश काढला. उजनी धरणात येणाऱ्या पाण्यापैकी पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याकडे वळवण्याच्या योजनेला त्यातून चालना मिळणार होती. महिना उलटण्यापूर्वीच तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी हा आदेश रद्द करीत असल्याचे जाहीर केले आणि मेअखेर तसे लेखी पत्रही निघाले. आदेश निघाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटला. तो रद्द झाला तेव्हा इंदापूर तालुका रस्त्यावर उतरला. दोन्ही वेळा शासनाची भूमिका जनतेला समजली ती निर्णय होऊन गेल्यानंतरच. पाच टीएमसी म्हणजे सुमारे १४ कोटी घनमीटर पाणी. त्याचा प्रश्न पाच वर्षांपूर्वी जिथे होता तिथून फारसा हललेला नाही. या प्रकरणातून निर्माण झालेला दोन जिल्ह्यांतील अविश्वास मात्र टिकून आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अंथुर्णे हे गाव या तिढ्याच्या अगदी मध्यावर आहे. एका बाजूला नीरा डावा कालवा, दुसऱ्या बाजूला उजनीचा फुगवटा, जवळच भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि सभोवती ऊस, अशी या परिसराची रचना. गावालगतची भरणेवाडी हे दत्तात्रय भरणे यांचे गाव. २०२१ मध्ये भरणे इंदापूरचे आमदार, राज्यमंत्री आणि त्याच वेळी सोलापूर जिल्ह्याचे पालकमंत्री होते. म्हणजे ज्या तालुक्याला पाणी हवे होते त्याचे लोकप्रतिनिधी आणि ज्या जिल्ह्यातून ते जाणार अशी भीती होती त्याचे पालक एकच. उजनीच्या कालवा सल्लागार समितीचे अध्यक्षपदही परंपरेने सोलापूरच्या पालकमंत्र्यांकडे असते. व्यक्ती कितीही सचोटीची असली, तरी अशा स्थितीत घेतलेल्या निर्णयावर संशय येणारच. संशय दूर करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पाण्याचा संपूर्ण हिशेब आदेशापूर्वी दोन्ही जिल्ह्यांसमोर मांडणे. तो मार्ग चोखाळला गेला नाही.

हिशेब होता तरी कशाचा? शासनाचे म्हणणे असे की, पुणे शहर वापरून सोडून देते ते सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे उजनीत येते. इंदापूरला द्यावयाचे पाणी या वाढीव पाण्यातील आहे, सोलापूरच्या मंजूर वाट्यातील नाही. सोलापूरकरांचे म्हणणे असे की, धरणात आलेले पाणी हे धरणाचेच. त्यावर ‘पुण्याचे’ आणि ‘भीमेचे’ असे शिक्के मारता येत नाहीत, आणि उन्हाळ्यात धरण उणे पातळीत जाते तेव्हा हा फरक कागदावरच उरतो. दोन्ही युक्तिवाद विचारार्ह आहेत. त्यांपैकी कोणता खरा हे घोषणांवरून ठरत नाही. पुणे शहराला किती पाणी मंजूर आहे, ते प्रत्यक्षात किती उचलते, त्यातले किती परत नदीत येते, उजनीच्या मूळ नियोजनात या परतीच्या पाण्याचा अंतर्भाव होता की नाही आणि उजनीच्या सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठ्यातून आजवर कोणाला काय मंजूर झाले आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते. ही उत्तरे शासकीय दप्तरात आहेत. ती आदेशाआधी चर्चेला आली असती तर कदाचित इंदापूरची मागणी खोडली गेली असती, कदाचित सोलापूरची भीती निराधार ठरली असती. यातले काहीच घडले नाही, कारण चर्चेला आले ते आकडे नव्हेत, हेतू.

इंदापूरच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सोलापूरच्या मोर्चांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले तेव्हा इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर दुष्काळी वर्षांत पाण्यातून वर डोकावते, तेव्हा छायाचित्रे छापली जातात. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या शेजारच्या गावांना त्या जलाशयाचे पाणी का मिळू नये, हा प्रश्न छायाचित्राखाली छापला जात नाही. उलट, माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांनी उजनीच्या कालव्यांवर पीकपद्धती उभी केली ती शासनाने दिलेल्या शब्दावर. दोन्हीकडे शब्द शासनाचाच आहे, आणि दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांकडे चोर म्हणून पाहतात.

उजनीबाबत जे झाले तेच नीरा खोऱ्यात आधी घडून गेले होते, आणि अंथुर्णे परिसराला त्याची झळ अधिक थेट बसते. नीरा डावा कालवा हा १८८५ च्या सुमारास वाहू लागलेला, दख्खनमधील जुन्या मोठ्या कालव्यांपैकी एक. भाटघरचे पाणी पुरंदर, बारामतीतून इंदापूरपर्यंत आणणाऱ्या या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात हा परिसर येतो. पाटाच्या भाषेत ‘टेल’. हेडवाल्याला पाणी आधी आणि भरपूर, टेलवाल्याला उशिरा आणि उरलेले, हे वास्तव कालव्याइतकेच जुने आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली, तीही उसाच्या बागाईतीने सगळे पाणी गिळू नये आणि ते अधिक गावांत पोचावे म्हणून. त्या योजनेला प्रारंभी बागाईतदारांनी विरोध केला होता, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे.

नीरा देवघर धरण झाले, पण त्याचे स्वतःचे कालवे अपूर्ण राहिले. न वापरलेले पाणी २००७ च्या व्यवस्थेनुसार डाव्या कालव्याला ६० टक्के आणि उजव्या कालव्याला ४० टक्के असे दिले जाऊ लागले. ही व्यवस्था दहा वर्षांची होती. २०१७ मध्ये तिची मुदत संपली तरी पाणी डाव्या कालव्यात येत राहिले. जून २०१९ मध्ये तत्कालीन सरकारने हे पाणी बेकायदा ठरवून बंद केले आणि फलटण, माळशिरस, सांगोला, पंढरपूरकडे, म्हणजे उजव्या कालव्याकडे वळवले. सरकार बदलले. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या मंत्रिमंडळाने पुन्हा वाटणी केली, या वेळी ५५ आणि ४५ अशी.

आठ महिन्यांत एकाच पाण्याच्या दोन वाटण्या झाल्या. या अवधीत पाऊस, धरणाची क्षमता, कालव्यांची लांबी किंवा जमिनीचे क्षेत्र यांत काही बदल झाला होता काय? बदलली होती ती मंत्रालयातील खुर्ची. २०१९ चा निर्णय योग्य की २०२० चा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु दोन्ही निर्णयांच्या मागची कारणमीमांसा आकडेवारीसह बाधित शेतकऱ्यांपुढे ठेवली गेली नाही, त्यांच्या हरकती ऐकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे अंथुर्ण्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला निर्णय हा ‘त्यांच्या’ सरकारचा सूड ठरला आणि दुसरा ‘आपल्या’ सरकारचा न्याय. माळशिरसमध्ये नेमके याच्या उलट. उसाची लागण करताना शेतकरी पंधरा-अठरा महिन्यांचा विचार करतो. त्याच्या उभ्या पिकाचे पाणी निवडणुकीच्या निकालावर टांगलेले असणे, ही शेतीच्या दृष्टीने दुष्काळाहून फार वेगळी गोष्ट नाही.

गोंगाट म्हणजे चर्चा नव्हे, हेही याच तालुक्याने दाखवून दिले आहे. ६ एप्रिल २०१३ रोजी इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केलेले वक्तव्य अवघ्या राज्याला ठाऊक आहे. उजनीतून पाणी सोडावे म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची त्यांनी खिल्ली उडवली. त्यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत रान उठले, पवार यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीस्थळी आत्मक्लेश केला. लोकमताच्या दबावापुढे सत्ताधाऱ्याला वाकावे लागले, ही लोकशाहीतील चांगलीच घटना. पण त्या आठवडाभराच्या वादात उजनीच्या पाण्याचे वाटप कसे झाले आहे, उपोषणकर्त्याची मागणी कायद्याच्या कसोटीवर रास्त होती की नाही, याची मांडणी किती ठिकाणी झाली? भाषेवर चर्चा झाली, पाण्यावर झाली नाही. नऊ वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच निंबोडीचे नाव असलेल्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला सुमारे ३४८ कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा सोलापुरात पुन्हा तीच आंदोलने झाली आणि इंदापुरात पुन्हा तेच सत्कार.

वास्तविक कायदा या बाबतीत मुका नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हटले की अर्ज, अपील आणि दंड एवढेच डोळ्यांसमोर येते. त्याचे कलम ४ मात्र उपेक्षित राहते. जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना निर्णयामागची कारणे द्यावीत, असे ते कलम सांगते. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्याच राज्यात पाच टीएमसीचा आदेश कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरून गावोगावी पोचावा, हा विरोधाभास बोलका आहे.

त्याच २००५ साली राज्याने आणखी दोन कायदे केले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याचा अधिनियम झाला. खोऱ्यातील पाण्याचे वाटप मंत्र्याच्या मर्जीऐवजी एका निःपक्ष संस्थेसमोर, सुनावणी घेऊन व्हावे ही त्यामागची कल्पना. कल्पना मोठी होती. बहुधा म्हणूनच ती टिकली नाही. २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांतील वाटप ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला. पाणीवापर संस्था कागदावर अनेक ठिकाणी झाल्या, पण धरणातून आपल्या वाट्याला किती पाणी येणार हेच ज्या संस्थेला आधी कळत नाही, ती आपल्या सभासदांशी कशाची चर्चा करणार?

तरीही प्राधिकरणाने एकदा काय करून दाखवले, ते गोदावरी खोऱ्यात पाहता येते. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद उजनीच्या वादाहून कमी कडवट नव्हता. मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, प्राधिकरणापुढे पक्षकारांचे म्हणणे झाले आणि १९ सप्टेंबर २०१४ रोजी सकारण आदेश निघाला. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, याचे कोष्टक ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. २०१५, २०१८, २०२३ या तुटीच्या वर्षांत पाणी सोडले गेले. दर वेळी नाशिक-नगरमध्ये आंदोलने झाली, दर वेळी कोणी ना कोणी न्यायालयात गेले. म्हणजे वाद मिटला असे मुळीच नाही. पण वाद कशावर आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. तो ६५ टक्क्यांच्या मर्यादेवर आहे, वाहत्या पाण्यातील घटीवर आहे, खरिपातील वापर कसा मोजावा यावर आहे. सरकारे बदलली तरी कोष्टक बदलले नाही. आठ महिन्यांत दोन वाटण्या पाहिलेल्या नीरा खोऱ्याने हा फरक नीट न्याहाळावा असा आहे.

यावर पाटबंधारे खात्यातील मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पाण्याचे निर्णय वेळेत व्हावे लागतात, सगळ्यांना विचारत बसले तर आवर्तन सुटेपर्यंत पीक वाळेल, असे ते म्हणतात. आवर्तनाच्या तारखेपुरते हे खरे आहे. पण टंचाईतला निर्णय झटपट घ्यावयाचा असेल तर त्याचे सूत्र सुबत्तेच्या वर्षी चर्चा करून ठरवलेले असले पाहिजे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात पाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे न्यायासन शतकानुशतके दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात, उघड्यावर, सर्वांसमक्ष भरते. कामकाज तोंडी चालते आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. तिथे निकाल लवकर लागतो, कारण नियम आधीच सर्वांना माहीत असतात. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे आणि पाणी कोणत्या क्रमाने फिरवायचे हे लाभधारक एकत्र बसूनच ठरवीत आले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खुल्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते आणि टेलवाल्याचा आवाज सहसा लहान असतो. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचेच पाहा. कालव्याला अस्तर दिले तर गळती थांबेल आणि अंथुर्ण्यासारख्या शेवटच्या गावांना पाणी पोचेल, असे खाते म्हणते. वरच्या भागातील, कालव्यालगतचे शेतकरी या कामाला विरोध करतात, कारण त्यांच्या विहिरींना पाणी येते ते याच पाझरातून. एकाची गळती ही दुसऱ्याची विहीर आहे. हातवर करून मत घेतले तर हेडची संख्या जिंकेल. मंत्र्याच्या सहीने केले तर सत्तेतला तालुका जिंकेल. पाझराने किती विहिरी भरतात, त्यावर किती क्षेत्र भिजते, टेलला किती दिवसांची तूट पडते, हे मोजून गाववार मांडले आणि मग दोन्ही टोकांच्या शेतकऱ्यांना एका सभेत बसवले, तर काही भागात अस्तर, काही भागात नाही, अशी तडजोड निघणे अशक्य नाही. लहान आवाजाला बळ देण्याचे काम आकडेच करतात.

मात्र अशी सभा भरवायची कुठे? ग्रामसभेची कक्षा गावापुरती. कायद्याप्रमाणे तिला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती गणपूर्ती लागते, आणि ती न झाल्यास तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. त्यामुळे अनेक गावांत खरी सभा तहकुबीनंतरच, मोजक्या मंडळींत होते. महिलांच्या ग्रामसभेची तर बहुतेक ठिकाणी नोंदवहीतच गाठ पडते. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर भांडण होते ते खणखणीत, पण विषय दराचा, पाण्याचा नाही. कालवा सल्लागार समितीत मंत्री, आमदार आणि अधिकारी बसतात. बैठक पुण्यात किंवा मुंबईत होते आणि गावाला कळते ती आवर्तनाची तारीख. अंथुर्ण्यातील ऊस उत्पादक आणि माळशिरसमधील डाळिंब उत्पादक एकाच खोऱ्याचे पाणी पितात, पण त्यांनी समोरासमोर बसून एकमेकांचे म्हणणे ऐकावे असे एकही व्यासपीठ नाही. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाला नदीखोरे अभिकरणाची भूमिका दिली आहे. ही सभा बोलावण्याचा अधिकार आणि आकडेवारी, दोन्ही त्या एका छपराखाली आहेत.

त्याची निकड येत्या काळात वाढणार आहे. नीरा देवघरच्या कालव्यांची कामे पुढे सरकत आहेत. ते पूर्ण होतील त्या वर्षी ‘न वापरलेले’ पाणी उरणार नाही, आणि ज्या ५५ टक्क्यांसाठी २०२० मध्ये पेढे वाटले गेले ते ५५ टक्के आपोआप आटत जातील. हे कोणत्या वर्षी घडेल, डाव्या कालव्याची किती आवर्तने कमी होतील आणि त्यातली किती अंथुर्णे, लासुर्णे, निमगाव केतकीच्या वाट्याची असतील, याचा अंदाज पाटबंधारे विभागाला आजच बांधता येतो. तो चावडीवर लावायला एक कागद पुरेल. पुढच्या लागणीपूर्वी तो लागला, तर ऊस लावायचा की नाही हे शेतकरी स्वतः ठरवू शकेल. नाही लागला तर शेतात पीक उभे असताना आणखी एक आदेश निघेल, आणि मग त्यावर चर्चा सुरू होईल.